दोनशेला एक कमी

आमच्या घरासमोरच्या हिरवळीत एक जांभळी पाटी आहे. तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलंय, ‘आमची गल्ली, आमची शाळा : पेल’. गल्लीतल्या बाकीच्यांनी थंडी पडायच्या आत आपापल्या पाट्या उपटून गॅरेजात ठेवल्या. माझी अजून उभी आहे. काढली तर लोक म्हणतील, याला आता लाज वाटायला लागली. ठेवली तर म्हणतील, याला अजूनही वाटत नाही. खरं सांगायचं तर पाटी रोवली त्या दिवशीसुद्धा मला लाज वाटत होती, पण तेव्हा हातात हातोडी होती आणि समोर फोटो काढणारे लोक होते.

मी लूशस हारग्रोव्ह. डेट्रॉइटच्या वाहन परवाना कार्यालयात चार नंबरच्या खिडकीत एकोणीस वर्षं बसतोय. ‘ही कागदपत्रं पुरेशी नाहीत’ हे वाक्य मी आयुष्यात जितक्या वेळा उच्चारलंय तितक्या वेळा बायकोचं नावही घेतलं नसेल. असा माणूस चळवळीत पडत नाही. मीही पडलो नसतो, पण फेब्रुवारीत टॉलिव्हरबाईंच्या तळघरात आळीच्या मंडळाची सभा होती आणि त्या सभेत बाईंनी केलेला पाउंड केक होता. दोन तुकडे खाऊन झाले की मला बोलावंसं वाटतं. ही जुनी खोड आहे.

टॉलिव्हरबाई आमच्या समोरच राहतात. पेल शाळेत त्यांनी एकतीस वर्षं तिसरीचा वर्ग घेतला आणि त्यातलं एक वर्ष मी त्यांच्या पुढ्यात बसून काढलं. आज वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षीही त्या दिसल्या की माझे हात आपोआप खिशातून बाहेर येतात. निवृत्त झाल्या तरी बाई रोज शाळेच्या कचेरीत जाऊन बसतात, पगाराशिवाय. त्यांना कोणी बोलावलेलं नाही आणि नको म्हणायची कोणाची छाती नाही.

त्या दिवशी बाई म्हणाल्या, “पुढच्या वर्षीसाठी एकशे अडुसष्ट नावं आहेत. ऑक्टोबरातल्या मोजणीच्या बुधवारी दोनशे पोरं बाकांवर दिसली नाहीत, तर तिसरीच्या दोन शिक्षिकांपैकी एक जाणार. म्हणजे मिस व्हिटलो. दुसरंच वर्ष आहे तिचं, आणि मी एकतीस वर्षांत जे शिकले ते त्या पोरीला पहिल्याच दिवशी येत होतं.”

हा मोजणीचा बुधवार म्हणजे आमच्याकडचा शाळांचा सणच. त्या दिवशी जितकी डोकी हजर, त्यावर वर्षभराचं सगळं ठरतं. म्हणून त्या दिवशी पिझ्झा असतो, पॉपकॉर्न असतो, आणि एरवी पोराला ताप आला तर घरी ठेवा म्हणणाऱ्या शाळा त्या दिवशी ताप किती आहे ते विचारतात.

पेलची पोरं गेली कुठे, हे सगळ्यांना माहीत होतं. पाच वर्षांपूर्वी कोपऱ्यावरचं गाद्यांचं दुकान बंद पडलं आणि तिथं सिल्व्हर हेरॉन, म्हणजे चंदेरी बगळा, नावाची अकादमी उघडली. ही चार्टर शाळा. म्हणजे पैसा सरकारचा, कारभार त्यांच्या स्वतःच्या मंडळाचा, फी नाही, गावातल्या कोणीही अर्ज करावा. अर्ज जास्त आले की सोडत काढतात आणि उरलेल्यांना प्रतीक्षायादीत टाकतात. पहिल्या वर्षी लोक गेले ते गणवेशाच्या निळ्या सदऱ्यावरच्या भरतकामातल्या बगळ्यासाठी. दुसऱ्या वर्षी गेले, कारण पहिल्या वर्षी गेलेले गेले होते. मग दोन वर्षांत तीन मुख्याध्यापक बदलले, बस बंद झाली, आणि लोक हळूहळू परत पेलकडे बघू लागले. एका कुटुंबानं तर केवळ गाडी लावायला जागा मिळत नाही म्हणून शाळा बदलली. आम्ही पालक शिक्षणाबद्दल फार गंभीर असतो, फक्त कारणं सांगायची वेळ आली की गडबड होते.

तर मी उठलो आणि म्हणालो, “बाई, ही आपली शाळा आहे. आपण प्रत्येक घरी जाऊ. पाट्या लावू. माझी पोरगी ऑपल पेलमध्ये आहे आणि पेलमध्येच राहणार.”

टाळ्या पडल्या. बाईंनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की तिसरीत मला कधी न मिळालेली चांदणी आता मिळाल्यासारखी वाटली. मी मोहिमेचा प्रमुख झालो.

तीन आठवड्यांपूर्वी मी ऑपलचं नाव हेरॉनच्या सोडतीत टाकून आलो होतो, ही गोष्ट त्या सभेत मला आठवली नाही असं म्हणायची सोय नाही. आठवली. केकचा घास तोंडात असताना आठवली.

का टाकलं होतं? असावं म्हणून. बायको व्हॉन्डालाही सांगितलं नव्हतं. सगळेच टाकतात, असं मी स्वतःला सांगितलं. पण खरं कारण भीती. मी पेलमध्ये शिकलो आणि चार नंबरच्या खिडकीत येऊन बसलो. ऑपलच्या नशिबी पाच नंबरची खिडकी येऊ नये, एवढीच ती भीती होती. ती चूक होती की बरोबर, हा प्रश्न वेगळा. ती मी लपवली, हा प्रश्न माझा आहे.

एप्रिलमध्ये सोडत निघाली. ऑपलचा नंबर लागला नाही. तिसरीच्या प्रतीक्षायादीत नववी. सुटलो एकदाचा, असं वाटून मी दुप्पट जोमानं पाट्यांच्या मागे लागलो.

चाळीस पाट्या छापल्या आणि त्या पदपथ आणि रस्ता यांच्या मधल्या गवतात रोवल्या. ते गवत कापायचं आपण, पण मालकी शहराची, हे आम्हाला नोटीस आल्यावर कळलं. परवानगीसाठी मला पालिकेच्या कचेरीत जावं लागलं. तिथं सहा नंबरच्या खिडकीतल्या बाईनं माझे कागद चाळले, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “ही कागदपत्रं पुरेशी नाहीत.” तिचा स्वर, मानेचा कल, कागद परत सरकवण्याची पद्धत, सगळं माझंच होतं. मी तीन वेळा गेलो. तिसऱ्या खेपेला तिनं सांगितलं, की पाट्या चार फूट मागे घेतल्या तर परवानगीच लागत नाही. हे ती पहिल्याच दिवशी सांगू शकली असती. मीही लोकांना कधी पहिल्या दिवशी सांगत नाही.

मे महिन्यात मी एका कुटुंबाचं मन वळवलं. त्यांनी पोराचं नाव हेरॉनमधून काढून पेलमध्ये घातलं. बाईंनी मला रताळ्याची गोड पेस्ट्री करून पाठवली. त्याच आठवड्यात हेरॉनची ईमेल आली, ‘आपल्या पाल्याचा क्रमांक आता आठ आहे.’ मी ती पुसून टाकली. जूनमध्ये आणखी दोन कुटुंबं फिरली. क्रमांक सहा. तेव्हाही मला उलगडा झाला नाही, आणि खिडकीत बसून आयुष्यभर नंबर पुकारणाऱ्या माणसाला तो न होणं हे जरा जास्तच आहे. जुलैत नंबर तीनवर आला आणि डोक्यात उजेड पडला. मी समजावून समजावून हेरॉनमधून ज्यांना बाहेर काढत होतो, त्यांच्या रिकाम्या जागांवरून माझी मुलगी आत सरकत होती.

इथं थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही. उलट माझी पावलं ज्यांची मुलं तिसरीत जाणार होती त्यांच्याकडे जरा जास्त वळू लागली. पाचवीवाल्यांकडे मी पत्रक टाकून यायचो. तिसरीवाल्यांकडे बसायचो. बाई म्हणाल्या, “लूशस, मिस व्हिटलोच्या वर्गाची तुला फार काळजी रे.” मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला असावा.

यादीत पहिला नंबर आला तेव्हा ऑगस्ट लागला होता आणि हेरॉनच्या तिसरीतलं आमच्या गल्लीतलं एकच पोर उरलं होतं, ब्रिएल गेन्स. तिचा बाप क्लेटस गेन्स आमच्या शेजारचा, टायरच्या दुकानाचा मॅनेजर. सल्ला देण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. गवतापासून गुडघेदुखीपर्यंत त्याच्याकडे सगळ्यावर उपाय असतो. हा माणूस कोणाचं ऐकून घेत नाही. मी सलग तीन संध्याकाळी त्याच्या मागच्या अंगणात बसलो, त्यानं निखाऱ्यावर भाजलेल्या मांसाच्या बरगड्या खाल्ल्या, आणि टायर कसे फिरवून बसवावेत यावर त्याचं व्याख्यान ऐकलं.

तिसऱ्या संध्याकाळी तो म्हणाला, “लूशस, तुला सरळ विचारतो. ब्रिएलला वाचायला जड जातं. हेरॉनमध्ये वर्गात एकोणतीस पोरं आहेत. तुमच्याकडे किती?”

“सतरा,” मी म्हणालो. “दोन शिक्षिका राहिल्या तर सतरा.”

“आणि राहतील?”

“राहतील. मी आहे ना.”

“तुझी पोरगी तिथंच आहे?”

“तिथंच.”

“मग झालं तर. तुझी चालते, तर माझी का नाही?” त्यानं आणखी एक बरगडी माझ्या ताटात टाकली. अकरा ऑगस्टला त्यानं ब्रिएलचं नाव हेरॉनमधून काढलं. बारा ऑगस्टला मला हेरॉनची ईमेल आली, ‘अभिनंदन.’ उत्तर द्यायला अठ्ठेचाळीस तास.

व्हॉन्डाला त्या संध्याकाळी सगळं सांगितलं. ती भांडी पुसत होती. तिनं फडकं खाली ठेवलं.

“तू जानेवारीतच अर्ज भरलास?”

“असावा म्हणून.”

“आणि मग चाळीस पाट्या लावल्यास.”

“त्या खऱ्या मनानं लावल्या.”

“मला दोन्ही शाळा चालतील, लूशस. हा असला नवरा चालेल का, ते बघावं लागेल.” फडकं पुन्हा उचलून ती म्हणाली, “घे जागा हवी तर. पण उद्याच्या उद्या जाऊन बाईंना आणि क्लेटसला तोंडानं सांग. सांगितलंस की मी सही करते.”

मी तिला खोटंच सांगितलं की सांगितलं. तिनं सही केली.

मग सप्टेंबर आला. ऑपल हेरॉनमध्ये जायला लागली आणि पेलच्या पटावरून तिचं नाव काढायला मी गेलोच नाही, कारण काढायला गेलं की समोर बाई. त्यांना मी सांगितलं, टोलेडोला माझ्या सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलंय, ऑपल त्यांच्या सोबतीला गेली आहे, महिनाभर तिकडेच अभ्यास करेल. एवढंसं सांगितलं, पण ते निभावायचं म्हणजे आठ वर्षांचं चालतंबोलतं पोर स्वतःच्या गल्लीतून नाहीसं करायचं होतं. सकाळी पावणेसातला, व्हॉन्डा कामाला निघून गेली की, मी गाडी मागच्या बोळातून काढायचो. ऑपल मागच्या सीटवर आडवी, बगळ्याच्या सदऱ्यावर जांभळा स्वेटर, अंगावर चादर. “हा लपाछपीचा खेळ आहे,” मी सांगितलं होतं.

पहिला आठवडा तिला मजा वाटली. दुसऱ्या आठवड्यात चादरीखालून तिनं विचारलं, “बाबा, आपल्यावर राज्य कधी येणार?”

मी रेडिओ मोठा केला.

क्लेटसनं एकदा तिला खिडकीत पाहिलं. मी म्हटलं, शनिवार-रविवार येते. त्यानं हाडं जुळायला कोणतं तेल चांगलं ते सविस्तर सांगितलं. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी सासूबाई स्वतःच आल्या, उंच टाचांचे बूट घालून, हातात पीच कॉबलरचं, म्हणजे पीच घालून भाजलेल्या गोडाचं, जड भांडं घेऊन, आणि माझ्या दुर्दैवानं गाडी समोरच्या बाजूला लावली. टॉलिव्हरबाई रस्ता ओलांडून आल्या, त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, “तीन आठवड्यांत अशी चाल! देवाची कृपा म्हणायची.”

सासूबाई दर गुरुवारी बोलिंग खेळतात. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “माझं काय मोडलंय म्हणे?”

बाईंनी माझ्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. मग म्हणाल्या, “मला चुकीचं कोणी सांगितलं असेल.” आणि परत गेल्या. त्यानंतर व्हॉन्डा माझ्याशी चार दिवस बोलली नाही. बाईंना तेव्हाच सगळं कळलं असणार. शिक्षा देण्याआधी पोराला स्वतःहून उठायची संधी द्यायची, ही त्यांची जुनी रीत. मी तिसरीतही उठलो नव्हतो.

मोजणीच्या आदल्या मंगळवारी बाईंनी आमचं दार वाजवलं. “एकशे नव्व्याण्णव नक्की झाली, लूशस. मी घरोघर जाऊन आले. तिसरीच्या वर्गात दप्तर टांगायच्या खुंटीवर ऑपलच्या नावाची चिठ्ठी मी पहिल्या दिवशीच लावलीय. टोलेडोहून ती उद्या येईल ना?”

हा क्षण बोलण्याचा होता. बाई उंबरठ्यात उभ्या राहिल्या, अगदी गरजेपेक्षा जास्त वेळ.

मी म्हणालो, “येईल, बाई.”

माझी योजना साधी होती. सकाळी ऑपल हेरॉनमध्ये मोजली जाईल. मग दातांच्या डॉक्टरांचं कारण सांगून अकराला तिला काढायचं आणि साडेअकराला पेलमध्ये बसवायचं. हेरॉनची तक्रार नाही, पेलचे दोनशे, मिस व्हिटलोची नोकरी कायम. परवाना कार्यालयात एक माणूस दोन नावांनी येऊन जातो, तर एक मुलगी दोन शाळांत का नाही? दुसऱ्या कोणी हा अर्ज खिडकीत आणला असता तर मी पोलिसांना बोलावलं असतं.

अकराला ऑपल बाहेर आली ती पोट धरून. हेरॉननं प्रत्येकाला तीन स्लाइस आणि पॉपकॉर्नची पिशवी दिली होती. “बाबा, आता दातवाल्याकडे?”

“नाही, पेलमध्ये. आणि तिथं कोणी विचारलं तर तू आजीकडे होतीस.”

“मी आजीकडे होते,” ती पाठ करत म्हणाली. “आणि उद्या मी कुठे असणार?”

पेलच्या जेवणघरात दोनशे माणसांचा गलका होता. ब्रिएल धावत आली आणि ऑपलला ओढत खुंटी दाखवायला घेऊन गेली. पिझ्झा वाढायला क्लेटस उभा होता, दुकानातून अर्ध्या दिवसाची रजा काढून. कोणत्या स्लाइसला किती चीज हवं यावरही तो मत देत होता. टॉलिव्हरबाई टेबलाशी पेन घेऊन बसल्या होत्या, शेजारी मिस व्हिटलो. ती माझ्याकडे बघून हसली. मी तिच्याशी आजवर चार वाक्यंही बोललो नव्हतो आणि ती मला तिचा तारणहार समजत होती.

ऑपल परत आली. जेवणघरात उकडत होतं. मी बघतोय तोवर तिनं जांभळा स्वेटर डोक्यावरून काढला.

निळ्या सदऱ्यावर चंदेरी बगळा, आणि बगळ्याच्या खाली गोल चिकटपट्टी, ‘आज मी हेरॉनमध्ये मोजले गेले’.

गलका थांबला नाही. पोरं खातच होती. पण मोठी माणसं त्या चिकटपट्टीकडे वळली. क्लेटसच्या हातात स्लाइस तशीच राहिली.

“तिसरीत?” त्यानं विचारलं.

“हो.”

“जागा कधी मिळाली?”

“ऑगस्टात.”

“ऑगस्टात कधी, लूशस?”

“बारा.”

त्यानं मनात एकात एक मिळवलं. ते मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. मला वाटलं तो ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं ती स्लाइस कागदी ताटलीत ठेवली आणि माझ्या हातात दिली. “घे,” तो म्हणाला. “मी सोडलेलं तुला लागतं ना.” आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यानं मला कसलाही सल्ला दिला नाही.

बाईंनी पेन उघडून धरलं होतं. त्यांनी ऑपलला जवळ घेतलं आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, “ऑपल, बाळा, तू कुठल्या शाळेत जातेस गं?”

ऑपलला उत्तर माहीत होतं. आठ वर्षांची मुलगी, तिला का माहीत नसेल? पण तिनं वळून माझ्याकडे पाहिलं. घाबरून नाही, रागानंही नाही. आजचं उत्तर कोणतं, एवढंच ती विचारत होती.

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही. मिस व्हिटलोकडे बघून नाही, क्लेटसकडे बघून नाही, त्या नजरेनं वाटली.

“हेरॉन,” मी म्हणालो. “सप्टेंबरपासून. माझ्या सासूबाईंना काही झालेलं नाही.”

बाईंनी ऑपलच्या नावापुढे रेघ मारली आणि खाली आकडा लिहिला, एकशे नव्व्याण्णव. मग पेनाला टोपण लावलं.

पुढची गोष्ट फार नाही. नोव्हेंबरात मिस व्हिटलो दुसऱ्या शाळेत गेली. तिसरीत आता चौतीस पोरं, एक बाई. ब्रिएल शेवटच्या बाकावर आहे. क्लेटस तिला दर संध्याकाळी स्वतः वाचायला बसवतो, आणि आमच्या कुंपणाच्या बाजूची खुर्ची त्यानं अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेली आहे.

ऑपलला मी परत पेलमध्ये घातलं. व्हॉन्डानं सही केली, पण या वेळी ती स्वतः माझ्याबरोबर आली. राहत्या पत्त्याचे दोन पुरावे मागितले, मी एकच नेला होता. बाई समोर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “ही कागदपत्रं पुरेशी नाहीत, लूशस.” मी घरी जाऊन दुसरा घेऊन आलो. चौतिसावं पोर माझं आहे. खुंटीवरची तिची चिठ्ठी बाईंनी काढलेली नव्हती.

परवा किराणा दुकानात गल्ल्यावरच्या मुलीनं सामान पिशवीत भरताना ऑपलला सहज विचारलं, “कुठल्या शाळेत आहेस तू?”

ऑपलनं माझ्याकडे पाहिलं.

मी घेवड्याचा डबा उचलला आणि त्यावर लिहिलेलं सगळं वाचू लागलो, मीठ किती, वजन किती. रांगेतला मागचा माणूस खाकरला.

“पेल,” ऑपल म्हणाली. आणि मग हळूच, माझी बाही ओढून, “बाबा, बरोबर ना?”